आल्प्सच्या दरीतला चर

पेन्सिलीला टोक काढून झाले होते, पण ब्लेडच्या पात्यावर शिशाचा एक कण चिकटून राहिला होता – इतका बारीक, की उजेड सरळ पडला की तो नाहीसा व्हायचा आणि पाते जरा कलते केले की पुन्हा तिथेच, काळा, ठाम, आपल्याहून मोठी सावली टाकत. दोर्काने पाते दोनतीनदा असेच कलते-सरळ केले. कण आहे... कण नाही... कण आहे. सगळा खेळ उजेडाच्या कोनाचा. एकतीस वर्षे कुपांगच्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना तिने हे फळ्यावर कितीतरी वेळा काढून दाखवले होते, आणि तरीही आज ते पुन्हा पाहत बसावेसे वाटत होते, कारण ते पाहत बसले की पुढचे काही करावे लागत नव्हते.

"टोक फार लांब काढलंस," व्हरांड्यातून येर्मी म्हणाला.

"तुला काय दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? मघापासून खर्र खर्र चाललंय. अर्धी पेन्सिल गेली असेल. बाई, तुमचा हात जड आहे, कितीदा सांगायचं."

"तू मका सोल."

तो हसला. मक्याचे दाणे पुन्हा पत्र्याच्या वाडग्यात पडू लागले – टण्, टण्टण्. लग्नाच्या आठवड्यापासून तो तिला चिडवायचे झाले की बाई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेचा मधला भाग गेला. पहिल्यांदा ओळी वाकड्या दिसू लागल्या, मग माणसांच्या चेहऱ्यांच्या जागी राखाडी ठिगळ आले, आणि आता उरली आहे ती नुसती कड. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, माणूस दिसत नाही. मका सोलायला डोळे लागत नाहीत. म्हणून आमच्याकडे या वर्षी मका फार शिजतो...

ऑगस्ट अर्धा सरला होता. एप्रिलनंतर पावसाचा थेंब नाही. अंगणातला पोवळ्याचा दगड दिवसभर तापून पांढराफटक झालेला, पाण्याचा टँकर परवा येऊन गेलेला. आंब्याच्या सावलीत तिने तीन वाजताच दुर्बीण काढून ठेवली होती, म्हणजे अंधार पडेपर्यंत आरसा हवेइतका गार होईल. आरसा येर्मीने स्वतः घासलेला. बंदरावरच्या भंगारवाल्याकडून जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच आणून, जमीन-मोजणी कचेरीतले नकाशे काढायचे काम आटोपले की रोज संध्याकाळी, अकरा महिने, काच तेलाच्या पिंपावर ठेवून भोवती गोल गोल फिरत. बैठक ताडाच्या लाकडाची. या दुर्बिणीने दोघांनी एकवीस हंगाम चंद्र पाहिला, दुसरे काही फारसे पाहिले नाही. शेजारीपाजारी आधी हसले, नंतर सवय झाली.

आणि दोन कागदांचा नियम. तो तिचाच. प्रयोगशाळेत मुली एकमेकींच्या वह्यांतली मोजमापे उतरवून घ्यायच्या, लंबकाचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी अगदी दशांशापर्यंत जुळवून आणायच्या, तेव्हा ती लाल शाईने समासात लिहायची – *हे तू मोजलंस, की तुला पाठ होतं?* चंद्राच्या बाबतीतही तसेच. एकाने पाहायचे, न बोलता उतरायचे, बारीक दिव्याखाली आपल्या कागदावर काढायचे, कागद पालथा ठेवायचा. मग दुसऱ्याने. शेवटी दोन्ही कागद शेजारी शेजारी. दोघांच्या कागदांवर आहे तेवढेच खरे दिसले. ते येर्मी शाईने मोठ्या वहीत उतरवणार. एकाच्याच कागदावर असेल त्यापुढे प्रश्नचिन्ह. मोठ्या वहीत प्रश्नचिन्हे पुष्कळ होती आणि दोर्काला त्यांचा अभिमान होता.

फक्त एका पानावर प्रश्नचिन्ह असायला हवे होते आणि नव्हते.

उठली. पेन्सिल कानामागे खोचली, नेत्रिकांची, डोळा लावायच्या भिंगांची, डबी घेतली, पायरीचे स्टूल आंब्याखाली नेले. हात कामात असले म्हणजे मन तिथे जात नाही असे म्हणतात... जाते. तेवीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, असाच वारा, आरशाचा पहिलाच हंगाम. चंद्रावर आल्प्स नावाचा डोंगर आहे आणि त्याला सुरीने कापावे तशी एक सरळ दरी चिरत गेली आहे – कुपांगहून निघून सोए गावही मागे टाकून आणखी कितीतरी पुढे जावे, एवढी लांब. ती दरी कुठल्याही साध्या दुर्बिणीतून दिसते. पण दरीच्या तळातून एक चर जातो, कधी काळी तापलेला खडक वाहून गेला असावा त्याची वाट. त्याची रुंदी म्हणजे आपल्या दारापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंतचे अंतर, फार तर थोडे जास्त. दर रविवारी आपण जे दहा मिनिटांत चालून जातो, ते पावणेचार लाख किलोमीटरांवरून पाहायचे. सूर्य तिथे नुकता उगवलेला हवा, उजेड तिरका हवा, हवा थांबलेली हवी. महिन्यातून एक संध्याकाळ. तीही बहुतेकदा वाया.

त्या संध्याकाळी येर्मी स्टुलावरून उतरला तो नियमाप्रमाणे काहीच बोलला नाही, पण दिवा उचलताना त्याचा हात थरथरत होता. कागद पालथा ठेवून तो म्हणाला, "तुझी पाळी." नुसते एवढेच.

तिने चाळीस मिनिटे पाहिले. दरी दिसली, दोन्ही भिंती दिसल्या, भिंतींच्या सावल्या. तळ राखाडी, सपाट, रिकामा. मागे, दिव्याच्या कडेला, तो उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग ती उतरली, कागद घेतला, भिंती काढल्या, सावल्या भरल्या, आणि मग दरीच्या मधोमध, घरात भिंतीवर टांगलेल्या चंद्राच्या छापील चित्रात होती तशी – एक रेघ. पेन्सिल आपणहून चालली असे तिने पुढे स्वतःला सांगून पाहिले. पेन्सिल आपणहून चालत नाही. मी चालवली.

कागद उलटल्यावर तो ओरडलाच. "आहे! आहे ना! दोर्का, आहे!" – आणि कागद चुरगळतील याचीही पर्वा न करता त्याने तिला मिठी मारली. नंतर दिवा जवळ घेऊन पाहू लागला. "माझी वाकडी आलीय," तो म्हणाला. "इथं बघ, जरा भिंतीकडं झुकते, मग तुटते, मग परत. तुझी सरळ. पट्टी घेतली होतीस का, बाई?"

तेव्हा बोलता आले असते. ती म्हणाली, "हवा हलत होती."

"तेच. आणि माझा हात थरथरत होता. तुझं खरं." आणि ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी एक बोटभर चुकू दिल्या नाहीत, त्याने मोठ्या वहीत शाईने, सावकाश, तिची रेघ उतरवली. स्वतःची सोडून दिली.

त्याच्यासाठी केले... हा विचार तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचला. रात्री तो नव्हता. रात्री फक्त एवढेच होते, की तो पाहू शकला आणि आपण नाही. पुढे काही वर्षांनी आणखी एक सोयीचा विचार आला – भिंतीवरचे चित्र त्यालाही पाठ होतेच की. अकरा महिने घासलेला आरसा. माणसाला जे दिसावेसे वाटते ते दिसते. त्यानेही मनानेच काढली असेल. म्हणजे फिटंफाट. हा विचार ती कधी पूर्ण करीत नसे, उघड्या दारासारखा तसाच ठेवीत असे.

"उसी! ओ उसी दोर्का!" कुंपणापलीकडून मिन्सेने हाक मारली. शेजारीण, तोंडाची फटकळ, वयाने दहा वर्षांनी लहान, म्हणून दोर्का तिची उसी, थोरली बहीण. तिच्या परसात मांस धुराला लावलेले होते. उद्या भाचीचा साखरपुडा. धूर सरळ आंब्याकडे येत होता. "आज काय, चंद्राला जेवायला बोलावलंय? दुपारपासून तोफ बाहेर काढलीय ती!"

"मिन्से, तुझा धूर किती वेळ आहे गं?"

"का? चंद्राचे डोळे चुरचुरतात?"

"माझे चुरचुरतात. आणि तुझ्या चुलीवरची गरम हवा मधे आली की सगळं उकळल्यासारखं दिसतं."

"ऐका! वीस-बावीस वर्षं झाली, तिथं काही उगवलं का? एक गवताची काडी?" मिन्से लाकडे मागे ओढत म्हणाली, बडबड चालू, पण हात लगेच चालले. "ओढते गं बाई. तासभर विस्तवावर राख टाकते. पण मांस कच्चं राहिलं तर नवऱ्यामुलाच्या आईला सांगेन, आमच्या उसीच्या चंद्रामुळं."

"सांग," येर्मी व्हरांड्यातून म्हणाला. "आणि मला एक तुकडा आण, मी चाखून सांगतो कच्चं आहे का."

"तुम्हाला बरं सगळं तोंडानंच कळतं!"

तो मोठ्याने हसला. या दोघांचे बरे जमते. त्याच्या डोळ्यांविषयी जपून न बोलणारी ही एकटीच. दोर्काही हसली, आणि हसता हसता तिला गेल्या रविवारचे आठवले – चर्चमधून येताना तो तिच्या कोपराला धरून चालत होता आणि वाटेतल्या चढावर थांबून, जणू चपलेत खडा गेला आहे अशा आवाजात म्हणाला होता, "एक विचारू? हल्ली जे जे पाहिलं ते एकेक काढून बघतो मी मनात. सगळं सापडतं. ती दरीतली रेघ काढली की मात्र शंका येते. माझी वाकडी होती ना... आणि ती वाकडी नव्हतीच. म्हणजे मी अर्धी तरी मनानं काढली. मग बाकीची अर्धी कशावरून खरी? पण तू पण काढली होतीस. तुझ्या कागदावर होती म्हणून खात्री." मग पुन्हा चालू लागून – "या महिन्यात एकदा बघून सांगशील? नुसतं सांग. मी ऐकेन."

तुझ्या कागदावर होती म्हणून. आठवडाभर हे वाक्य तिच्याबरोबर भांडी घासत होते.

पावणेसहाला सूर्य समुद्रात गेला आणि आकाश विझायच्या आतच चंद्र जवळजवळ माथ्यावर लखलखू लागला, अष्टमीच्या जरा पुढचा, अर्ध्याहून किंचित फुगलेला. माथ्यावरचा चंद्र या दुर्बिणीत धरणे सर्वांत कठीण. नळी सरळ उभी राहते, बाजूला ढकलायला जोर मिळत नाही, सगळी बैठकच गुडघ्याने फिरवावी लागते. ती स्टुलावर चढली. एक हात नळीभोवती, गुडघा ताडाच्या लाकडाला, मान वाकडी – मिन्सेने पाहिले तर आणखी काही बोलेल. तिने डोळा लावला.

आणि दर वेळी होते तेच झाले. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही... छातीत काहीतरी एक पायरी खाली उतरले. काळ्या, कोरड्या, नि:शब्द आकाशाला टेकलेला तो प्रकाश, आणि त्याच्या कडेला, जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो, तिथे डोंगर उगवत होते. खरोखर उगवत होते: अंधारात एक ठिणगी दिसत होती, एकटी, कशालाच न चिकटलेली, ते एका शिखराचे टोक होते, खालचा सगळा डोंगर अजून रात्रीत आणि टोकाला सकाळ झालेली. तिथली सकाळ सावकाश होते. आपण जेवून उठेपर्यंत ऊन फक्त एक उतार उतरते. कोणी पाहत नसताना, ऐकत नसताना, कोट्यवधी वर्षे ही सकाळ अशीच होत आली आहे, आणि आज कुपांगमधल्या एका आंब्याखाली, मान वाकडी करून, एक म्हातारी बाई तिच्या आत उभी आहे. पावसाचा समुद्र म्हणतात त्या कोरड्या मैदानावर सावल्या मैलोन् मैल पडल्या होत्या, आणि प्लेटोच्या विवरात काठावरच्या सुळक्यांच्या सावल्या, बोटे पसरावीत तशा. तिथून थोडे पुढे आल्प्स. आणि दरी.

हवा उकळत होती. दरी थरथरायची, विरघळायची, पुन्हा जमायची. दर अर्ध्या मिनिटाला चंद्र निसटायचा. गुडघ्याने बैठक किंचित ढकलून ती त्याला परत आणायची. मक्याचे दाणे पडायचे थांबले होते. म्हणजे येर्मी ऐकत होता. तो विचारीत नव्हता. पूर्वीही विचारीत नसे.

अर्धा तास गेला. मिन्सेच्या पत्र्याचे छप्पर निवत आल्याचे टक् टक् आवाज येऊ लागले. वारा पडला. समुद्राकडचा आणि डोंगराकडचा वारा बदलण्याच्या मधली ही वेळ. कधी दहा मिनिटे टिकते, कधी एकही नाही. तिचा डावा डोळा मिटलेला, उजव्यातून पाणी येत होते. ते तिने पुसले नाही. दरीचा तळ राखाडी, सपाट, रिकामा होता, तेवीस वर्षांपूर्वी होता तसाच. बरे झाले, असे तिला वाटले. नाही दिसला. नाही दिसला म्हणून सांगावे, हवा खराब म्हणावे, सगळे होते तसे राहील...

आणि वाहत्या झऱ्याचे पाणी क्षणभर थबकावे, आणि तळचा प्रत्येक खडा आपापल्या जागी दिसावा, तसा तळ थबकला.

केसाएवढा. केसाहून बारीक. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला त्याला चिकटून उजळ काठ, कारण ऊन तिरके होते आणि चराला खोली होती. तो होता. चित्रातल्यासारखा नाही – चित्रात तो रेघ असतो. इथे तो जागा होता, जिच्यात उतरता आले असते. पावसाच्या समुद्राकडून निघाला होता, आणि एकतृतीयांश वाट गेल्यावर तो भिंतीकडे झुकला. जरा झुकला, तुटला, नाहीसाच झाला, आणि पुढे पुन्हा उगवला.

हवा पुन्हा हलली. पाणी पुन्हा वाहू लागले. तळ पुसला गेला. मग आणखी एकदा, पापणी लवण्याइतका वेळ – तेच झुकणे, तीच तूट.

ती वाकडी रेघ तिला पाठ होती. तो कागद तिने पुन्हा कधी उघडला नव्हता, पण ती तिला पाठ होती. भिंतीवरच्या चित्रात ते वळण नव्हते; एवढे बारीक त्या छपाईत उतरलेच नव्हते. म्हणजे ते कुठूनही पाठ करता आले नसते. म्हणजे ते फक्त पाहूनच काढता येत होते, एका माणसाला, स्वतः घासलेल्या काचेतून, थरथरत्या हाताने... आणि त्याने ते सोडून दिले. माझ्या सरळ रेघेपुढे त्याने आपले डोळे खोटे मानले.

तिला रडू येईल असे वाटले, पण जे आले ते रडू नव्हते. एवढ्या लांबचा एक दगडातला वळसा, आणि त्याच्याशी जुळणारा एका माणसाच्या मनगटातला वळसा. दोन कागद. तिने आयुष्यात कधी एवढे नीट जुळलेले मोजमाप पाहिले नव्हते.

"दोर्का?"

"हं."

"हवा थांबली होती ना आत्ता? मला जाणवलं. अंगावरचं वारं गेलं."

"थांबली होती."

त्याने हातातले कणीस खाली ठेवले आणि पुढचे तिच्यावर सोडले. नियम पाळणारा माणूस.

"वळण आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिला अनोळखी वाटला. "पावसाच्या समुद्राकडून निघालं की तिसऱ्या हिश्श्याला. भिंतीकडं झुकतो. मग थोडा तुटतो. मग परत सुरू होतो."

 दिव्याच्या अंधुक उजेडात तिला त्याचे बोट दिसले. मांडीवरच्या वाडग्यातल्या पिठूळ मक्यावर ते सावकाश सरकत होते, सरळ, मग जरा बाजूला, मग उचलले, मग पुन्हा टेकले. तो बोटाकडे पाहत नव्हता.

"हवा हलली असेल," तो म्हणाला. अगदी हळू. तिचेच शब्द. तो ते आठवून म्हणत होता, की सहज, की तिला एक दार उघडून देत होता, हे तिला कळले नाही. त्याचा चेहरा नेहमीसारखाच तिच्या कानाच्या बाजूला वळलेला होता, जिथून त्याला तिची कड दिसते.

"नाही," ती म्हणाली. "हवा स्थिर होती. मी दोनदा पाहिलं."

आता तो विचारील. मग तेव्हा तू काय पाहिलंस – इतका साधा प्रश्न, लाल शाईने समासात लिहावा असा. तेवीस वर्षे ती या प्रश्नाच्या आड येईल ते सगळे मधे सारत आली होती. स्टुलावर, नळीला मिठी मारून ती थांबली. मिन्सेच्या परसात कोणीतरी राख उकरली, लाकडाचा गोडसर वास आला.

"चंद्र निसटला असेल," येर्मी म्हणाला. "ढकल जरा. बोलत काय बसलीस."

तिने बैठक ढकलली नाही लगेच. एक पाय खाली टेकून तिने दिव्याजवळचा कोरा कागद ओढला, कानामागची पेन्सिल काढली आणि दरीच्या दोन भिंती काढल्या. त्यांच्यामध्ये, तिसऱ्या हिश्श्याला, पेराएवढा एक तुकडा – झुकलेला, तुटलेला, पुन्हा उगवलेला. टोक खरोखरच लांब झाले होते, ते मोडले. तेवढ्यावर ती थांबली. तुकड्याच्या अलीकडे कागद पांढरा होता, पलीकडेही पांढरा. तिथे चर होता हे तिला माहीत होते. तिने तिथे काही काढले नाही.

मग तिने कागद पालथा न घालता तसाच उताणा ठेवला, वर चढली, गुडघा लाकडाला लावला. चंद्र संथपणे आत तरंगत आला. दरीच्या तोंडाशी ऊन मघापेक्षा केसभर पुढे सरकलेले होते. तळ पुन्हा रिकामा, राखाडी. त्या रिकामेपणाकडे ती पाहत राहिली, काहीही न भरता. आणि पाठीमागे, व्हरांड्यातला त्याचा श्वास ऐकत असताना तिला कळले की आपण त्या प्रश्नाला भीत नाही आहोत, त्याची वाट पाहतो आहोत – हवा पुन्हा एकदा थांबण्याची पाहावी तशी.